वहीतला प्रवासखर्च

जेवणं उरकल्यावर आज महिन्याची वही घेऊन बसले. किराणा, दूध, गॅस नेहमीएवढंच. फुगलाय तो प्रवास. मे २०२५ मध्ये बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं. घर ते स्टेशन, दोघांची ये-जा म्हणजे रोज २० रुपये जास्त. २५ दिवसांचे ५००. आमच्या घरात एवढ्यात पंधरवड्याची भाजी येते!

आता सकाळी दोघं चालतच जाणार. संध्याकाळी मात्र बसच. दमलेल्या माणसाच्या पायांवर बचत करायची नाही, हे माझं ठाम मत. लोकलचा पासही तिमाही काढायचा. तीन मासिक पासांपेक्षा तो स्वस्त पडतो, पण पैसे एकदम मोजावे लागतात. या महिन्यात भिशी आमची आहे, त्यातूनच काढू.

तुम्ही प्रवासाचं कसं जमवता? सांगा ना.