खाज, तारखा आणि साखर

मंगळवार, रात्री

पाळी जवळ आली की योनीजवळ खाज सुटते आणि पाळी सुरू झाली की ओसरते. आज डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी आधी तारखा विचारल्या. आजवर ज्या कुणाजवळ हा विषय काढला, तिचा पहिला प्रश्न 'नीट धुतेस ना?' हाच असायचा. जणू खाज म्हणजे अस्वच्छतेची पावतीच!

या खाजेमागे कॅन्डिडा ही बुरशी असू शकते. ती बऱ्याच जणींच्या अंगात एरवीही असते, गुपचूप. इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, जमा होतं. त्यावर चांगले जिवाणू जगतात आणि आम्लता टिकवतात, पण बुरशीलाही ते वातावरण मानवतं. म्हणून हा त्रास गरोदरपणात जास्त होतो आणि पाळी कायमची गेल्यावर सहसा कमी. अँटिबायोटिक घेतलं की पहारा देणारे जिवाणूच मरतात, मग हिचं फावतं. साबणाने आतून धुण्याचा यात काडीचा उपयोग नाही, उलट आग वाढते.

मला पीसीओएस आहे, म्हणजे पाळी बिघडवणारा हार्मोन्सचा त्रास. त्यामुळेच हे होतंय का, हे मला विचारायचंच होतं. थेट नाही, म्हणाल्या. पण पीसीओएसमध्ये इन्सुलिनचं गणित बिघडलेलं असतं, मधुमेहाचा धोका वाढतो आणि रक्तात साखर जास्त असली की बुरशी पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. म्हणून एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, लिहून दिली. ५.७ टक्क्यांच्या खाली आली तर ठीक, ६.५ किंवा वर गेली तर मधुमेह.

स्रावाचा नमुनाही घेतला. दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं, फारसा वास नाही, तर बहुधा बुरशी. पातळ, करडं, माशासारखा वास येणारं असेल तर जिवाणूंचा संसर्ग, आणि त्यावर बुरशीचं मलम लावून काही होत नाही. दोन्हीत खाज येऊ शकते, त्यामुळे अंदाजाने ट्यूब आणणं बंद.

नवऱ्याला औषध लागेल का? त्याला काही त्रास नसेल तर सहसा नाही. हा लैंगिक आजारात मोजत नाहीत. (ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला.)

वर्षात तीन किंवा अधिक वेळा झालं तर फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी आठवड्यातून एकदा, असं सहा महिने देतात म्हणे. गरोदर असताना मात्र ही गोळी टाळतात. आम्ही यंदा मुलाचा विचार करतोय, हे सांगायचं राहिलं. रिपोर्ट घ्यायला जाईन तेव्हा आधी तेच सांगायचं.