आमची वाटचाल : भांडीबाजारातलं कॉमिक्सचं कपाट

दुकान मुळात अण्णांचं, वह्या पेनं कंपास रजिस्टरं, नाशिकच्या भांडीबाजाराच्या मागच्या बोळात, दहा बाय बारा. २००३ ला मी गल्ल्यावर बसायला लागलो आणि एका कपाटात माझी स्वतःची कॉमिक्स मांडली, थोडी इंद्रजालची, बाकी मुंबईच्या फुटपाथवरून उचलून आणलेली एक्स-मेन, आणि पाटी लावली, दिवसाला ३ रुपये, डिपॉझिट ५०. अण्णा म्हणाले, "वह्या खपेनात आणि तू चित्रं भाड्याने देणार?"

पण एक गोष्ट महिनाभरात कळली, एकट्या हिरोचं कॉमिक नेणारं पोरगं परत येईलच असं नाही, टीमवालं नेलं की चार दिवसांत पुढचा भाग मागायला हजर. टीम म्हणजे घरच की हो, रुसवेफुगवे आलेच. अव्हेंजर्स आणि एक्स-मेन या अमेरिकन सुपरहिरोंच्या दोन टीम, दोघांच्या पहिल्या अंकावर सप्टेंबर १९६३ हीच तारीख, दोन्ही लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक किर्बीचे, आणि अव्हेंजर्समधला हल्क तर दुसऱ्याच अंकात टीम सोडून चालता झाला! एक्स-मेन तेव्हा फार चालले नाहीत, मधे काही वर्षं जुन्याच गोष्टी परत छापायचे. मग १९७५ ला लेखक लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉकरमने स्टॉर्म, कोलॉसस, नाइटक्रॉलर अशी देशोदेशीची माणसं आणली आणि पुढे ख्रिस क्लेअरमाँट १९९१ पर्यंत लिहीत राहिला. कुठून सुरू करू विचारलं की मी इथूनच देतो, आधीचं देतच नाही.

धंदा खरा वर आला २०१२ ला, अव्हेंजर्सचा पहिला सिनेमा लागला तेव्हा, कॉलेजरोडची पोरं पार्किंग शोधत बोळात यायला लागली. २०१४ ला एक्स-मेनचा 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' सिनेमा बघून आठवीतली एक मुलगी आली, तिला मी १९८१ ची मूळ गोष्ट दिली. त्यात एक्स-मेनमधल्या, मोठ्या झालेल्या किटी प्राइडचं मन मागच्या काळात तिच्याच तेरा वर्षांच्या शरीरात जातं, आणि सिनेमात किटी नुसती बसून टीममधल्याच वोल्व्हरिनला पाठवते. दुसऱ्या दिवशी तोंड फुगवून हजर, "काका, तिचं काम त्याला का दिलं?" आता काय सांगणार, वोल्व्हरिन झालेला नट ह्यू जॅकमन. तसा कॉमिकमधला वोल्व्हरिन सव्वापाच फुटी बुटका, पण हा उंच गडी शोभला हे मान्यच. डार्क फिनिक्सच्या गोष्टीचं मात्र सिनेमावाल्यांनी २००६ आणि २०१९ दोन्हीदा वाटोळं केलं. कॉमिकमधे एक्स-मेनमधली जीन १९७६ ला फिनिक्स झाली आणि १९८० ला गेली, चार वर्षं वाचकाने तिच्यासोबत काढली, ते दोन तासांत कसं बसवणार तुम्ही?

अव्हेंजर्सचा एंडगेम सिनेमा आला तेव्हा, एप्रिल २०१९, मी हावरटपणा केला, गुळगुळीत आर्टपेपरची महागडी पुस्तकं उधारीवर भरली. ऑगस्टमधे गोदेला पूर. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीपाशी पाणी चढतंय असा शेजाऱ्यांचा फोन आला, मी आणि सौ. पोचेपर्यंत खालच्या तीन फळ्या गेलेल्या. आर्टपेपर भिजून वाळला की पानाला पान असं चिकटतं की पुस्तकाची वीट होते, सोडवायला गेलं की चित्र निघून हातात येतं. जुनी स्वस्त न्यूजप्रिंटची मात्र दोरीवर वाळत घातली, पानांमधे टाल्कम पावडर मारली, वेडीवाकडी झाली पण वाचता येतात. अण्णा काही बोलले नाहीत, दोरी त्यांनीच बांधली.

उधारी फेडता फेडता लॉकडाऊन आला, ती दोन वर्षं वह्यांवरही काढता आली नाहीत, सौ.च्या शिवणकामावर निघाली. आता भाडं दिवसाला १५, बुकिंग व्हॉट्सअॅपवर, खालच्या तीन फळ्यांवर फक्त स्टीलचे डबे. आणि एक विनंती, डार्क फिनिक्स आणि किटीची गोष्ट दोन्ही असलेला तो जाडा काळापांढरा खंड २०१८ पासून बाहेरच आहे, बाहेर होता म्हणून पुरातून वाचला, ज्याच्याकडे असेल त्याने आणून द्या, दंड घेणार नाही.