गाय उलटली की आमची कांडी खपायची

गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या धंद्यात आलो तेव्हा विकायला एकच वस्तू होती, रेतकांडी, म्हणजे वळूचं गोठवलेलं रेत भरलेली बारीक नळी. भांडवल म्हणजे द्रव नायट्रोजनचा एक कंटेनर, रेतनाची गन आणि एक मोटारसायकल. चांगल्या वळूचं रेत आणलं की काम झालं, असं पशुपालकांना वाटायचं आणि आम्हालाही तेच सोयीचं होतं. आज फर्मचं निम्म्याहून जास्त उत्पन्न तपासणी आणि नोंदींतून येतं. कांडी आहेच, पण ती आता शेवटी येते.

‘गाय परत उलटली’, म्हणजे रेतन करूनही गाभण राहिली नाही, हा फोन आमच्याकडे रोजचा. पहिला संशय कांडीवर, म्हणून आधी तीच तपासायला घेतली. रेत गोठवण्याचं तंत्र १९४९ मधलं. पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या शास्त्रज्ञांना ग्लिसरॉलमुळे शुक्राणू गोठूनही जगतात हे कळलं, आणि तेही बाटल्यांच्या लेबलांचा घोळ झाल्यामुळे! तंत्र भक्कम आहे, पण हाताळणीत वाया जातं. कांडी उणे १९६ अंशांत असते. कॅनिस्टर, म्हणजे कांड्यांचा आतला डबा, कंटेनरच्या गळ्याच्या वर ओढून कांड्या निवडत बसलं की वरच्या कांड्यांचं नुकसान सुरू. आमची पोरं आता चिमट्याने कांडी उचलतात आणि ३५ ते ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा-पाऊण मिनिट धरतात. मग ती कोरडी पुसतात, कारण पाण्याचा थेंबही शुक्राणूंना मारक असतो. मायक्रोस्कोप घेतला, वितळवलेल्या रेतातली हालचाल पाहू लागलो. बहुतेक कांड्या ठणठणीत निघाल्या. म्हणजे घोडं दुसरीकडेच अडलं होतं.

अडलं होतं वेळेवर. गाईचा माज, म्हणजे ती फळायला तयार असते तो काळ, साधारण १२ ते १८ तास टिकतो आणि माज संपल्यावर १० ते १२ तासांनी स्त्रीबीज सुटतं. ते फार वेळ थांबत नाही. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, म्हणजे रेतन करा, संध्याकाळी दिसला तर सकाळी, हा जुना नियम. पण ‘दिसला’ म्हणजे कुणाला, कधी? बळस, म्हणजे माजातला चिकट स्राव, पहाटेच पडून गेलेला असतो आणि फोन दुपारी येतो. म्हशीचा मुका, बाहेर खुणा न दाखवणारा माज तर भल्याभल्यांना चकवतो.

दुधातलं प्रोजेस्टेरॉन मोजायला लागलो तेव्हा खरा उजेड पडला. जनावर माजावर असेल तर हे संप्रेरक खाली असायला हवं. ‘माजावर आहे’ म्हणून बोलावलेल्या काही गाईंत ते चांगलं वर निघालं. म्हणजे त्या माजावर नव्हत्याच, आणि त्यातल्या काही तर आधीच गाभण होत्या. गाभण गाईच्या गर्भाशयात गन गेली तर गर्भ पडू शकतो.

मग आम्ही ‘आज भरवायची नाही’ असं सांगायला सुरुवात केली. पशुपालक चिडले. त्याहून अवघड होतं आमच्याच माणसांचं. त्यांना कांडीमागे पैसे मिळत होते. नाही म्हणणं म्हणजे स्वतःच्या खिशाला चाट. धंद्याची खरी गोम इथे होती: गाय उलटली की आमची दुसरी कांडी खपायची. तिच्या अपयशावर आमची कमाई. शेवटी माणसांना ठरलेला पगार दिला आणि पशुपालकांशी व्यवहार गाभण जनावरामागे ठरवला. काही महिने हात आखडून काढावे लागले, पण वाटचालीतला हाच निर्णय मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मशीन काय, कुणीही विकत घेतो.

मशीनही घेतलं, सोनोग्राफीचं. हाताने तपासायला दोन महिने थांबावं लागायचं. आता तिसाव्या दिवसाच्या आसपास पडद्यावर काळं पाणी आणि त्यात लुकलुकणारं इवलंसं हृदय दिसतं. रिकामी गाय लवकर सापडते, यातच खरा फायदा. मात्र काही गर्भ पुढेही जिरतात, त्यामुळे दोन महिन्यांनी फेरतपासणी करतोच.

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली ओव्हसिंक ही संप्रेरकांच्या इंजेक्शनांची पद्धतही वापरतो: स्त्रीबीज सुटायला लावणारं जीएनआरएच, सातव्या दिवशी माजावर आणणारं प्रोस्टाग्लँडिन, दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि माजाची वाट न पाहता ठरल्या वेळी रेतन. मोठ्या गोठ्यांना सोयीची. पण व्यायल्यावर पाठीचा कणा दिसेपर्यंत खंगलेल्या गाईला इंजेक्शनं देऊन उपयोग नसतो. दुधात जाणारी ऊर्जा खाण्यातून येणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त असेल, तर बीजांडकोश आधी थंडावतो. अशा ठिकाणी आम्ही इंजेक्शन न विकता चाऱ्याचा हिशेब मांडून देतो.

सध्या मागणी आहे ती लिंगनिर्धारित रेताची, म्हणजे मादी वासरं व्हावीत म्हणून शुक्राणू निवडून भरलेल्या रेताची. मादी वासरू देणाऱ्या एक्स शुक्राणूत नर देणाऱ्या वाय शुक्राणूपेक्षा डीएनए सुमारे ३.८ टक्के जास्त असतो, त्यावरून ते वेगळे काढतात आणि दहातली नऊ वासरं मादी होतात. पण अशा कांडीत शुक्राणू नेहमीपेक्षा बरेच कमी असतात, त्यामुळे वेळ चुकली की सांभाळून घ्यायला जागाच नाही. म्हणून ही कांडी आम्ही निरोगी, भरल्या अंगाच्या कालवडींनाच देतो, तीही माजाच्या नोंदींची वही आधी पाहून. वही कोरी असेल तर साधी कांडी. यावरून एक-दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली, ती अजून परत आलेली नाहीत.