गोळ्या सोडायला सांगणारी शिकवण

खोट्या शिकवणीचा विषय निघाला की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत वाद रंगतात ते बाप्तिस्मा कसा द्यावा आणि शेवटचा काळ कधी यावर. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरोघरी प्रार्थनासभा भरतात. तिथे जिवावर बेतू शकणारी शिकवण एका वाक्याची असते: ‘विश्वास असेल तर गोळ्या सोड.’

त्यासाठी बहुधा बायबलमधलं याकोब 5:14 वाचतात. त्यात काय आहे? आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. औषध टाकून दे असं कुठेच नाही. त्या काळी तेल औषध म्हणूनही वापरत. लूक 10:34 मधल्या गोष्टीतला शोमरोनी वाटसरूच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधतो. प्रेषित पौल आपल्या सहकारी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, लूकला प्रिय वैद्य म्हणतो, आणि 2 तीमथ्य 4:20 मध्ये सरळ लिहितो की सोबती त्रफिमला मिलेतात आजारी ठेवून आलो. त्रफिमचा विश्वास कमी पडला, असं तो म्हणत नाही. आजाऱ्याच्या घरच्यांना असं, किंवा ‘पापामुळे आजार आला’ असं ऐकवणाऱ्यांनी योहान 9:3 वाचावं: जन्मांध माणसाने पाप केलं नव्हतं, त्याच्या आईबापांनीही नाही.

सीमाभागातल्या अनेक घरांत मराठी आणि कन्नड दोन्ही बायबलं असतात. त्यांचा उपयोग करा. सभेत ऐकलेलं वचन घरी दोन्हींत उघडा, आधीच्या आणि नंतरच्या दहा ओळी वाचा, पत्र कुणी कुणाला लिहिलंय ते बघा. एकाच शब्दावर तोललेली शिकवण दुसऱ्या भाषेत बऱ्याचदा टिकत नाही. बिरुयाचे लोक खुद्द पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्रात रोज पडताळून पाहत होते (प्रेषितांची कृत्ये 17:11). पाळकाला प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे.

‘डिडाखे’ नावाचं छोटं पुस्तक आरंभीच्या मंडळीचं, साधारण पहिल्या शतकाच्या अखेरीचं मानतात. त्यात म्हटलंय: फिरत्या प्रेषिताने एक दिवस राहावं, गरज पडली तर दोन; तिसऱ्या दिवशी मुक्काम ठोकला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. आणि हेच पुस्तक गर्भपात करू नये, जन्मलेलं मूल मारू नये असंही सांगतं. शिक्षकाची पारख आणि जिवाची किंमत या दोन गोष्टी त्या मंडळीने एकत्र धरल्या होत्या. आज ‘मुलगाच होईल’ असा संदेश देणारा माणूस दोन्हींत नापास होतो. उत्पत्ती 1:27 मध्ये देवाची प्रतिमा नर आणि नारी दोघांना आहे. शिवाय मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच, बापाच्या बीजावरून ठरलेलं असतं; नंतर दोष मात्र आईच्या माथी येतो.

टीबीचं बघा. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. काही आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. नेमकं तेव्हाच ‘बरा झाला’ म्हणून साक्ष द्यायला उभं करतात. जंतू अजून मेलेले नसतात. औषध सुटलं की पुन्हा वाढतात, आणि मग त्याच गोळ्यांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो, घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोचू शकतो. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्याचं इन्सुलिन बंद केलं तर एक-दोन दिवसांतही जीव धोक्यात येतो. फिटच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर फिट थांबता थांबत नाही असं होऊ शकतं.

अथणी, रायबागकडचे पेशंट मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात जायचे. ते डॉ. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरने उभं केलं. तिथे ऑपरेशन आणि प्रार्थना यांचं कधी वाकडं नव्हतं.

गोळ्या आधीच सुटल्या असतील तर उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका. जुने कागद घेऊन त्याच दवाखान्यात जा आणि किती दिवस बंद होत्या ते खरं सांगा. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली की 108 ला फोन करा. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते.