खात्री करून घेणारी स्पॅनिश क्रियापदे

‘मी कन्फर्म करतो’ असे आपण मराठीत म्हणतो, तेव्हा त्याचे दोन अर्थ होऊ शकतात: मी स्वतः खात्री करून घेतो, किंवा माझ्याकडची पक्की माहिती तुम्हाला कळवतो. हीच सवय स्पॅनिशमध्ये नेली की प्रत्येक ठिकाणी ‘कोन्फिर्मार’ येऊ लागते. हे क्रियापद चुकीचे नाही, पण त्याचा जीव दुसऱ्या अर्थात अधिक आहे. हॉटेल आरक्षण कायम असल्याचे कळवते किंवा तपासणीचा अहवाल डॉक्टरांच्या संशयाला दुजोरा देतो, तिथे ते चपखल बसते. स्वतः पाहून खात्री करायची असेल, तर ‘कोम्प्रोबार’ अधिक नेमके. त्याच्यापुढे ‘सि’ (‘का, की नाही’) आले की उत्तर अजून ठाऊक नसते आणि ‘के’ (मराठीतले ‘की’) आले की तपासून झालेली किंवा अपेक्षित गोष्ट सांगितली जाते.

‘बेरिफिकार’ अर्थाने जवळचे असले, तरी त्याला ओळखपत्र, स्वाक्षरी आणि तांत्रिक मोजमापे यांचा औपचारिक वास आहे. ‘आबेरिग्वार’ मात्र मुळात वेगळे, कारण तिथे पडताळायला आधीची माहितीच नसते. फोन कोणी केला होता याचा शोध घेणे म्हणजे आबेरिग्वार. (भूतकाळात ‘मी शोधून काढले’ असे लिहिताना यातील ‘यू’ अक्षरावर दोन टिंबे द्यावी लागतात, आणि ती विसरणारे कमी नाहीत.)

माझ्या मते खरी गंमत ‘आसेगुरार्से’मध्ये आहे. ‘आसेगुराते दे के ला पुएर्ता एस्ता सेर्रादा’ म्हणजे दार बंद आहे ना, ते बघून ये. याच वाक्यात ‘एस्ता’ऐवजी ‘एस्ते’ हे संभावनार्थी रूप घातले, की अर्थ होतो: दार बंद राहील अशी व्यवस्था कर, उघडे असेल तर लावून घे. एका स्वराने तपासणीची जबाबदारीत बदली होते. शिवाय यातील ‘दे’ गाळता येत नाही असा काटेकोर लेखनाचा आग्रह असतो, तर ‘कोन्फिर्मार’ आणि ‘कोम्प्रोबार’ यांच्यानंतर ‘दे के’ लिहिणे ही चूक मानली जाते. ‘से’ काढून नुसते ‘आसेगुरार के’ म्हटले, तर ते खात्री करून घेणे न राहता ठासून सांगणे होते.

‘कोन्स्तातार’ (खात्री करून नोंदवणे) बातम्यांत आणि अहवालांत शोभते, बोलताना ते जड वाटते. बोलण्यात लॅटिन अमेरिकेत ‘चेकेआर’ सर्रास ऐकू येते, मेक्सिकोत तर ‘चेकार’. मित्राला निरोप पाठवताना ही दोन्ही खुशाल वापरावीत. मात्र कोणत्या देशातला माणूस वाचणार आहे हे ठाऊक नसताना औपचारिक पत्र लिहायचे असेल, तर मी ‘कोम्प्रोबार’च निवडेन.