चामुंडेच्या डबीतला नर

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. जप्त केलेले अवशेष ओळखायला वनखात्याचे लोक अधूनमधून बोलावतात. त्या दिवशी छापा पूजासाहित्याच्या दुकानावर होता. काउंटरवर वर्तमानपत्र पसरून माल मांडला होता: झाडाची मुळी म्हणून विकतात ते काळं जाळीदार इंद्रजाल (हा खरं तर समुद्रातला प्रवाळ), केसाळ सियारसिंगी आणि चांदीच्या डब्यांतून शेंदरात लोळवलेल्या हाथाजोड्या.

दुकानदार घाबरला होता, तरी माहिती सांगायची हौस फिटत नव्हती. सियारसिंगी म्हणजे कोल्ह्याचं शिंग, घ्यायची ती नर-मादीची जोडीच, एकट्याने गुण येत नाही म्हणे. कोल्ह्याला शिंगच नसतं, पण मी गप्प राहिले. "हाथाजोडी मात्र साक्षात देवी, मॅडम. चामुंडेचं रूप. जंगलातलं मूळ आहे. शेंदूर, लवंग, वेलची घालून तिजोरीत ठेवायची."

एक उचलून ब्रशने शेंदूर झाडला. जोडलेले पंजे, आखडलेली बोटं, हुबेहूब. पण भिंगाखाली मुळाचा एक धागा दिसेना. बुडाशी सुरीने कापल्याची सपाट कड, तिथे आक्रसलेलं मांस.

"मग आहे तरी काय?"

"घोरपडीच्या नराचं जननेंद्रिय. वाळवलेलं."

दोघे पंच एकदम छताकडे बघायला लागले. दुकानदाराचा हात आपसूक शर्टाला पुसला गेला.

हे काही मी नव्याने शोधलेलं नाही. ऑनलाइन विकली जाणारी ही 'मुळं' घोरपडीची आहेत, हे 2017 च्या सुमारास संशोधकांनी उघड केलं होतं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद. डीएनएसाठी नमुने कुप्यांत भरले आणि माझ्या टिपणात देवीच्या एकेका रूपापुढे 'नर' लिहीत गेले. मादीचा प्रश्नच नव्हता.

शेवटची हाथाजोडी हलकी लागली. कडेने साच्याची शिवण सरळ दिसत होती. प्लास्टिक. साहेबांनी ती बाजूला सारली, "हिच्यावर केस नाही."

इतका वेळ मान खाली घालून बसलेला दुकानदार ताडकन उठला. "प्लास्टिक? अहो, घाऊकवाल्यानं हिचे सगळ्यात जास्त पैसे घेतले!"