आमची वाटचाल : नर्सरी आणि करवंदीची जाळी

आमच्या नर्सरीत गुलाब, क्रोटन, ड्युरांटा मिळत नाही हे आम्ही फोनवरच सांगून टाकतो. लोकांचा हेलपाटा वाचतो. सुरुवातीला हे सगळं ठेवायचो, कारण गिऱ्हाईक तेच मागायचं. करवंद कोण मागणार? ‘डोंगरात फुकट उगवतं ते विकायला बसलेत,’ असं घरचेच म्हणायचे.

मागणी आली ती उतारांमुळे. शेतघरासाठी डोंगर कापला की मागे उघडी माती राहते आणि पावसाने ओघळी पडतात. तिथे लॉन टिकत नाही. करवंद जांभ्या दगडाच्या फटीतही तग धरतं, बारा महिने हिरवं असतं, काटे आणि चिकामुळे गुरं फारसं तोंड लावत नाहीत. तीन-तीन फुटांवर लावून शेंडे खुडत राहिलं की आडवं पसरतं. पहिले एक-दोन उन्हाळे पाणी द्यायचं, पुढे त्याचं ते बघतं. मुळाशी पाणी तुंबलेलं मात्र खपत नाही.

रोपं करणं हे खरं चिकट काम. मे-जूनमध्ये पूर्ण काळी झालेली फळं आणायची, गर चोळून धुवायचा, बी सावलीत सुकवून लगेच पेरायचं. ठेवून दिलं तर उगवण झपाट्याने घटते. फणस चिरताना लावतो तसं हाताला खोबरेल लावल्याशिवाय आमच्या मावशी छाटणीला बसत नाहीत. बियांची रोपं सारखी निघत नाहीत. कोणाचं फळ आतून लाल, कोणाचं पांढरं. लहानपणीच्या खेळातला कोंबडा (लाल) की कोंबडी (पांढरी), हे लावणाऱ्यालाच तीन-चार वर्षांनी कळतं! एकसारखी फळं हवीत म्हणणाऱ्यांना गुटी कलमं (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेली) करून देतो, पण ती थोडीच होतात. पक्ष्यांसाठी लावायचं तर बियांचीच घ्या, असं माझं मत आहे.

फळं पिकली की बुलबुल आधी येतात. दाट काट्यांत घरटी सुरक्षित राहतात. त्याहून मोठं काम दिसायला वेळ लागतो. आमच्या जुन्या लागवडीत जाळीच्या मधोमध जांभळाची रोपं आलीत, कोणीही न लावता. पाखरांनी बी टाकलं, काट्यांनी शेळ्यांपासून राखलं. घाणेरीची (लँटानाची) फळंही पक्षी खातात, मग ती का काढायची, असं विचारतात. ती परदेशी आहे आणि हटता हटत नाही. आम्ही ती मुळासकट काढून त्या जागी करवंद लावतो.

पायवाटेलगत किंवा मुलं खेळतात तिथे लावायला आम्ही रोप देत नाही. काटे दुबेळक्याचे आणि टणक असतात. काही ऑर्डरी त्यामुळे जातात, जाऊ देत. यंदा तोरण या काटेरी रानफळाचीही रोपं तयार आहेत. लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर करायची असते, तेव्हा मोठ्या उतारासाठी मागणी उन्हाळ्यातच कळवा. आणि रोप न्यायला येताना जाड हातमोजे आणा.